एकच घड्याळ, दोन सूर्य: मुंबई आणि दिब्रुगड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

टाइमझोन म्हटलं की आपल्याला अमेरिकेचा क्लायंट आणि रात्रीचे कॉल आठवतात. पण आज देशाबाहेर जायचंच नाहीये. एक टोक मुंबई, दुसरं आसाममधलं दिब्रुगड. दोन्हीकडे घड्याळ एकच, सूर्य मात्र एक नाही.

आधी साधं गणित करू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर, दिब्रुगड ९५ वर. फरक २२ अंश, म्हणजे जवळपास दीड तास. भारतीय प्रमाणवेळ धरली आहे ८२.५ अंशांवर, या दोघांच्या मधोमध कुठेतरी. त्यामुळे मुंबईत सूर्य घड्याळाच्या मागे असतो आणि दिब्रुगडमध्ये पुढे.

डिसेंबरच्या शेवटी दिब्रुगडमध्ये संध्याकाळी साधारण ४.२० ला सूर्य मावळतो, मुंबईत ६ नंतर. जूनमध्ये तिकडे पहाटे सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा मुंबईत चक्क मध्यरात्रीसारखा अंधार. आता नकाशा बघा. दिब्रुगड बांगलादेशच्याही पूर्वेला आहे, तरी त्याचं घड्याळ ढाक्याच्या अर्धा तास मागे!

यातूनच दोन्ही गावांचा स्वभाव घडतो. मुंबई उशिरापर्यंत जागणारी, रात्री साडेबारालाही लोकल पकडणारी. दिब्रुगड ब्रह्मपुत्रेकाठचं, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं, लवकर उठून लवकर दिवे मालवणारं. मळ्यातलं काम उजेडावर चालतं. म्हणून ब्रिटिश काळापासून तिथे ‘बागान टाइम’ आहे: प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. बाहेर ८ वाजलेले असतात, तेव्हा मळ्यात ९.

आपण मुंबईकरांनी याला हसायचं कारण नाही. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईनेही ती नाकारली होती. ‘बॉम्बे टाइम’ ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत टिकला. आणखी एक गंमत. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं अख्ख्या भारताचं घड्याळच एक तास पुढे केलं होतं. म्हणजे तेव्हा सगळा देशच बागान टाइमवर! आपण कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहितो ना, त्या डेटाबेसमध्ये ही नोंद आजही आहे. बागान टाइमला मात्र तिथे वेगळं नाव नाही.

मग दोन टाइमझोन का करत नाहीत? दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तसा प्रस्ताव मांडला होता. सीमा सुचवली पश्चिम बंगाल आणि आसामच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, कारण तिथे ती कमी ठिकाणी रेल्वेमार्ग ओलांडते. मुख्य भीती तीच आहे: सीमेवर वेळेचा गोंधळ झाला तर गाड्यांचा अपघात. शिवाय वेगळं घड्याळ म्हणजे वेगळेपणाची भावना, असंही काही जण म्हणतात.

दुसरा मार्ग सोपा वाटतो: घड्याळ तेच ठेवा, ऑफिस लवकर उघडा. पण ऑफिस एकटं नसतं. बँक, शाळा, मुख्यालय सगळ्यांनी एकत्र सरकायला हवं. आमच्याच टीममध्ये एक सहकारी दिब्रुगडहून घरून काम करते. स्टँडअप सकाळी ११ ला. तोवर तिच्याकडे जवळपास दुपार झालेली. आणि आम्ही हिवाळ्यात ‘चल, ५ वाजता पटकन बोलू’ म्हणतो, तेव्हा तिच्या खिडकीबाहेर काळोख असतो. कॅलेंडर मात्र दोघांनाही ‘सेम टाइमझोन’ दाखवतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने प्रॉब्लेमच नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

आता आम्ही स्टँडअप ९.३० ला घेतो आणि ४ नंतर तिला मीटिंग लावत नाही. एवढ्याने देशाचा प्रश्न सुटत नाही, पण तिला दिवसाचा उजेड मिळतो.

तुमच्या टीममध्ये कुणी ईशान्येकडचं असेल, तर एकदा विचारा: तुझ्याकडे अंधार किती वाजता पडतो? उत्तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!