कचेरी, घर आणि मधला उंबरठा

दक्षिण दिल्लीत रिंग रोड आणि आउटर रिंग रोड या दोन हमरस्त्यांच्या मध्ये आर. के. पुरम, अर्थात रामकृष्णपुरम ही वसाहत पसरलेली आहे. केंद्र सरकारच्या सेवेनिमित्त राजधानीत गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांना तिची चांगली ओळख आहे. क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, सरकारी निवासस्थानांच्या एकसारख्या रांगा आणि त्यांच्या शेजारी ईस्ट ब्लॉक, वेस्ट ब्लॉक, सेवा भवन या नावांच्या कार्यालयीन इमारती, असे या वसाहतीचे रूप आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्मचारी येथे आले. टेकडीवरचे मलाई मंदिर आणि दिल्ली कर्नाटक संघाची वास्तू त्याची साक्ष देतात.

या वसाहतीच्या रचनेमागे एक साधा विचार होता. कर्मचाऱ्याचे घर कचेरीच्या जवळ असावे, म्हणजे त्याचा वेळ व शक्ती प्रवासात खर्च होणार नाही. घर कचेरीजवळ आणणे हा विसाव्या शतकाने शोधलेला उपाय होता. एकविसाव्या शतकाने त्याच्या नेमका उलटा उपाय पुढे आणला आणि कचेरीच घरात आणली. आज अनेक उद्योगांत आठवड्याचे काही दिवस कार्यालयातून व काही दिवस घरून काम करण्याची मिश्र पद्धत रूढ झाली आहे. ती यशस्वी कशी करावी, याची चर्चा बहुधा दिवसांच्या हिशेबावर येऊन थांबते. दोन दिवस घरी की तीन? परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर दिवसांत सापडत नाही, ते कामाच्या स्वरूपात शोधावे लागते.

फायलींचा प्रवास

कचेरी एका जागी खिळलेली असते, हा आपला समज इतिहासाला धरून नाही. ब्रिटिश अमदानीत १८६४ पासून सिमला ही उन्हाळी राजधानी झाली. दरवर्षी अधिकारी, कारकून आणि दप्तरांच्या पेट्या डोंगर चढून जात. कालका-सिमला रेल्वे धावू लागली ती १९०३ मध्ये, त्यापूर्वीही ही वारी चालूच होती. महाराष्ट्रातही १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. त्या काळात मुंबईच्या मंत्रालयातील यंत्रणेचा मोठा भाग विदर्भात जातो.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण जम्मू-काश्मीरचे आहे. महाराजा रणबीर सिंह यांच्या काळात, १८७२ मध्ये, तेथे 'दरबार मूव्ह' ही प्रथा सुरू झाली. उन्हाळ्यात सचिवालय श्रीनगरला आणि हिवाळ्यात जम्मूला, असा तो क्रम होता. फायलींनी भरलेले ट्रक वर्षातून दोनदा हा प्रवास करीत. कामकाज ई-ऑफिस प्रणालीवर आल्यानंतर, २०२१ मध्ये, ही प्रथा थांबविण्यात आली. त्यामुळे वर्षाला सुमारे २०० कोटी रुपये वाचतील, असे प्रशासनाने सांगितले. कागद संगणकात गेल्यावर ट्रकची गरज उरली नाही, हे खरेच होते. तरीही २०२५ च्या हिवाळ्यात ही प्रथा पुन्हा सुरू झाली. दरबाराबरोबर येणाऱ्या माणसांवर जम्मूच्या बाजारपेठेचा व्यवहार अवलंबून होता आणि दोन प्रदेशांतील लोकांचा नित्याचा संपर्कही त्यातून टिकत होता.

या घटनेतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. कचेरीत दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र नांदतात. एक म्हणजे कागद आणि दुसरी म्हणजे माणसांचा सहवास. तंत्रज्ञान पहिलीला कोठेही नेऊ शकते. दुसरीचा विचार मात्र स्वतंत्रपणेच करावा लागतो.

२०२० चा अनुभव

आर. के. पुरमच्या कार्यालयांना मिश्र पद्धतीची ओळख करून दिली ती कोविडच्या साथीने. १९ मार्च २०२० रोजी केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने आदेश काढला. त्यानुसार ब व क गटांतील ५० टक्के कर्मचाऱ्यांनी रोज कार्यालयात यावे आणि उरलेल्यांनी घरून काम करावे, असे ठरले. गर्दी टाळण्यासाठी ९ ते ५.३०, ९.३० ते ६ आणि १० ते ६.३० अशा तीन वेळाही आखून देण्यात आल्या.

पुढे १३ मे २०२० रोजी याच विभागाने घरून काम करण्याविषयीचा एक मसुदा मंत्रालयांकडे अभिप्रायासाठी पाठविला. धोरण म्हणून वर्षातील १५ दिवस घरून काम करण्याची मुभा द्यावी, असा विचार त्यात मांडला होता. सुमारे ७५ मंत्रालये व विभाग ई-ऑफिस वापरीत असल्याची नोंद त्यात होती. त्याचबरोबर गोपनीय दर्जाची कागदपत्रे घरून हाताळू नयेत, अशी स्पष्ट मर्यादाही होती. म्हणजेच कोणते काम उंबरठा ओलांडू शकते आणि कोणते नाही, हा भेद सरकारच्याही ध्यानी आला होता. ७ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांची पूर्ण उपस्थिती पुन्हा सुरू झाली.

दिल्लीकरांना या पद्धतीचा विचार पुन्हा करावा लागला तो हवेमुळे. आर. के. पुरममध्ये हवेची गुणवत्ता मोजणारे केंद्र आहे आणि हिवाळ्यात त्याचे आकडे येथील रहिवाशांच्या रोजच्या बोलण्यात असतात. १८ नोव्हेंबर २०२४ पासून राजधानी परिसरात प्रदूषण नियंत्रणाच्या आराखड्यातील चौथा, म्हणजे सर्वांत कडक टप्पा लागू झाला. त्यानंतर दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले आणि केंद्र सरकारने कार्यालयीन वेळा विभागून दिल्या. साथ असो वा धुरके, प्रत्येक वेळी माणसांचे गट पाडून मार्ग काढण्यात आला. संकटकाळी तो योग्यच होता. मात्र कायमची व्यवस्था लावताना गट माणसांचे नव्हे, तर कामांचे पाडावे लागतात.

सेवा भवनाचा धडा

याचे उत्तम उदाहरण आर. के. पुरममध्येच आहे. येथील सेवा भवनात केंद्रीय जल आयोगाचे मुख्यालय आहे. आयोगाच्या पूर-अंदाज सेवेचा आरंभ १९५८ मध्ये दिल्लीतच, यमुनेवरील जुन्या रेल्वे पुलापाशी झाला. आज देशभरातील नद्यांच्या काठी आयोगाची निरीक्षण केंद्रे आहेत. कृष्णाकाठचे कुरुंदवाड आणि अर्जुनवाड ही नावे सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना नवी नाहीत. पावसाळ्यात नदीची पातळी वाढू लागली की तेथील नोंदी तासातासाला पुढे जातात. पूर्वी त्या बिनतारी संदेशाने जात, आता स्वयंचलित यंत्रणेचीही जोड मिळाली आहे. या नोंदींचे विश्लेषण दूरवरच्या कार्यालयात होते आणि इशारा पुन्हा नदीकाठच्या जिल्हा प्रशासनापर्यंत पोहोचतो.

दूरस्थ काम हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था चालू आहे. ती का चालते, याचा विचार उद्योजकांनी करण्यासारखा आहे. कोणी, किती वाजता, काय मोजावे आणि ते कोणाला कळवावे, हे तेथे आधीच ठरलेले असते. नोंद ठरल्या वेळी येते किंवा येत नाही. त्यामुळे नदीकाठच्या माणसावर नजर ठेवण्यासाठी शेजारी वरिष्ठ बसण्याची आवश्यकता राहत नाही. याच्या उलट, जेथे कामाची व्याख्या संदिग्ध असते, तेथे उपस्थिती हाच कामाचा पुरावा ठरतो. घरून काम सुरू होताच अशा कार्यालयांचा गोंधळ उडतो आणि दोष मात्र घराला दिला जातो.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. नदीची पातळी वाचणारा, कार्यालयाच्या दाराशी उभा राहणारा पहारेकरी, सफाई करणारी बाई किंवा रोख रक्कम मोजणारा रोखपाल यांना घरून काम करण्याची मुभा मिळू शकत नाही. एकाच संस्थेत काहींना ही सवलत मिळते आणि काहींना मिळत नाही, तेव्हा दुसऱ्यांच्या श्रमाची दखल वेळापत्रक, प्रवासभत्ता किंवा रजेच्या रूपाने घेतली गेली पाहिजे. अन्यथा संस्थेत नकळत दोन वर्ग निर्माण होतात.

घराची बाजू

कचेरी घरात येते तेव्हा घर तिच्यासाठी सज्ज असतेच असे नाही. सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांच्या निवासस्थानात शाळकरी मुले, वृद्ध आईवडील आणि नोकरी करणारे पती-पत्नी एकत्र राहत असतील, तर निवांत कोपरा कोठून आणावयाचा? प्रवासाचे दोन तास वाचले, तरी ते दोन तास बहुधा गृहिणीच्याच कामात भर घालतात. 'तू घरीच तर आहेस' हे वाक्य अनेक नोकरदार स्त्रियांनी ऐकलेले आहे.

दुसरीकडे, हीच सोय काही स्त्रियांची नोकरी टिकवूनही ठेवते. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हा २६ आठवड्यांच्या रजेबरोबरच, कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास आणि उभयपक्षी संमती असल्यास, रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही करण्यात आली. येथेही कायद्याने कसोटी लावली ती कामाच्या स्वरूपाचीच.

नव्याने रुजू झालेल्या तरुणांचा विचारही करावयास हवा. टिपणी कशी लिहावी, नाराज ग्राहकाशी कसे बोलावे, नियमाचा अर्थ कसा लावावा, हे पुस्तकात नसते. ते शेजारच्या टेबलावरील अनुभवी सहकाऱ्याकडे पाहून शिकावे लागते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २०२० मध्ये, २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्केच कर्मचारी कार्यालयात असतील, असे उद्दिष्ट जाहीर केले होते. त्याच कंपनीने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. संगणकावरच ज्यांचे सर्व काम चालते, त्यांनाही सहवासाचे मोल वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बँकेच्या काऊंटरपलीकडे

बँकिंग व्यवसायाला हा भेद अधिक तीव्रतेने जाणवतो. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने अत्यावश्यक सेवा अखंड राहाव्यात म्हणून सुमारे ९० कर्मचाऱ्यांचे एक स्वतंत्र केंद्र उभारले. बाकी अनेक कामे घरून होऊ शकत होती, परंतु देशाच्या देयक व्यवस्थेचा कणा सांभाळणारी माणसे एकत्र आणि सुरक्षित असणे गरजेचे होते. 'एनईएफटी' ही सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून, तर 'आरटीजीएस' १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास उपलब्ध झाली. ग्राहकाच्या दृष्टीने बँक आता रात्रीही उघडी असते. तरीही मृत खातेदाराच्या वारसांची विचारपूस, लॉकरचा व्यवहार, प्रथमच कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याच्या शंका यांसाठी शाखेतील माणूसच लागतो.

ग्राहकांनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बँकेचा कर्मचारी कार्यालयातून बोलत असो वा घरून, तो आपणांस ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कधीही विचारीत नाही. 'मी सध्या घरून काम करीत आहे, म्हणून या नंबरवरून बोलतो' असे सांगून कोणी ही माहिती मागितल्यास दूरध्वनी बंद करावा आणि आपल्या शाखेशी संपर्क साधावा.

छोट्या व्यावसायिकांसाठी

आमच्या ग्राहकांपैकी अनेकजण दहा-वीस माणसांचा व्यवसाय चालवितात. सनदी लेखापाल, वास्तुविशारद, भाषांतर संस्था, लघुउद्योजक अशा सर्वांपुढे आज हा प्रश्न आहे. दिवस ठरविण्यापूर्वी त्यांनी आपल्या कामांची एक यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न लिहावेत.

या कामाला जागा लागते का? यंत्र, रोकड, मूळ दस्तऐवज किंवा गोपनीय माहिती यांच्याशी निगडित काम कार्यालयातच व्हावे.

या कामाला माणसे लागतात का? नव्यांचे शिक्षण, नियोजन, मतभेद मिटविणे, ग्राहकाची पहिली भेट ही कामे समोरासमोर करावीत आणि त्यासाठी सर्वांनी एकाच दिवशी यावे. सोमवारी निम्मे आणि मंगळवारी उरलेले आले, तर प्रवासही घडतो आणि भेटही होत नाही.

या कामाला एकांत लागतो का? हिशेब तपासणे, अहवाल लिहिणे, आराखडा काढणे या कामांना घरची शांतता मानवते. मात्र ज्याच्या घरी ती नाही, त्याला कार्यालयात येण्याचा पर्याय नेहमी खुला असावा.

यानंतर दोन नियम लेखी ठरवावेत. कोणते काम केव्हा पूर्ण होऊन कोणाकडे जाईल, हा पहिला. आणि कोणत्या वेळेनंतर दूरध्वनी केला जाणार नाही, हा दुसरा. कचेरीला कुलूप लागत असे तेव्हा दिवस आपोआप संपत असे. घरातील कचेरीला कुलूप नसते, म्हणून ते ठरवून लावावे लागते.

ज्यांनी आर. के. पुरमची आखणी केली, त्यांनी घर आणि कचेरी जवळजवळ ठेवली, पण एका इमारतीत ठेवली नाही. दोहोंच्या मध्ये एक रस्ता राखला. संध्याकाळी तो रस्ता ओलांडून माणूस घरी येई, तेव्हा त्याचे काम मागे राहिलेले असे. आज तो रस्ता प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या परीने आखावयाचा आहे.