लाल टोपी आणि राखून ठेवलेली खुर्ची

२०२५ च्या मे महिन्यात नवे पोप निवडण्यासाठी जगभरचे कार्डिनल रोमला जमले, तेव्हा मी आमच्या नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात बसलो होतो. दुकानातल्या टीव्हीवर तांबड्या झग्यांची लांबच लांब रांग चालली होती. शेटजी चादरीची घडी घालता घालता थांबले आणि म्हणाले, "सर, हे सगळे राजेरजवाड्यांच्या घरचे का हो?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तीनचारशे वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर त्याचे उत्तर बहुतांशी 'होय' असेच द्यावे लागले असते. कार्डिनलांना 'चर्चचे राजपुत्र' म्हणतात ते काही उगीच नव्हे. चार्ल्स बोरोमिओ हे मिलानजवळच्या सरदार घराण्यातले. मामा पोप झाले आणि भाच्याला एकविसाव्या वर्षी लाल टोपी मिळाली. पुढे हा भाचा खरोखरीच संतपदाला पोहोचला, ही गोष्ट वेगळी. बार्बेरीनी घराण्यातले आठवे अर्बन पोप झाले, तेव्हा त्यांनी आपला एक भाऊ आणि दोन पुतणे कार्डिनल केले. अगदी विसाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश राजदूताचे चिरंजीव मेरी देल व्हाल अडतिसाव्या वर्षी कार्डिनल झाले, तेही त्याच थाटाच्या परंपरेतले.

आमच्या सोलापूरला मठ आणि पट्टाभिषेक नवे नाहीत, तेव्हा कार्डिनल म्हणजे काय हे समजायला अवघड जाऊ नये. मात्र मठाधिपती हा आपल्या मठाचा धनी असतो. कार्डिनल हा पोपच्या सल्लागार मंडळातला माणूस, आणि पोप वारले की नवा पोप निवडण्याचा अधिकार याच मंडळाचा. पाचव्या सिक्स्टस पोपनी १५८६ मध्ये या मंडळाची संख्या सत्तरावर बांधून टाकली होती. त्या सत्तरांत हिंदुस्थानचा माणूस बसायला १९५३ साल उजाडावे लागले. तो माणूस मुंबईचा. व्हॅलेरियन ग्रेशियस हे त्यांचे नाव.

त्यांचे घराणे सरदारांचे नव्हते. गोव्यातून पोटापाण्यासाठी मुंबई, कराची, आफ्रिका गाठणारी जी हजारो कुटुंबे, त्यांतलेच हे एक. २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत त्यांचा जन्म झाला. वडील फार लवकर गेले. शिक्षण कराचीच्या सेंट पॅट्रिक शाळेत, मग मंगळूरच्या सेमिनरीत आणि पुढे सिलोनात कँडीच्या पेपल सेमिनरीत झाले. (हीच सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. नगर रस्त्याने जाणाऱ्यांनी ती पाहिली असेल.) १९२६ मध्ये दीक्षा, त्यानंतर दोन वर्षे रोमला अध्ययन, आणि परतल्यावर मुंबईच्या आर्चबिशपांचे चिटणीसपद. भाषण आणि लेखणी दोन्ही तेज. १९४१ मध्ये कुलाब्याच्या होली नेम चर्चचे ते पहिले भारतीय प्रमुख झाले. चरित्रकाराला या भागात रमण्यासारखे पुष्कळ असेल. मला मात्र कुतूहल आहे ते पुढच्या दहा वर्षांचे.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाला एक वतनच लिहून दिले होते. पूर्वेकडे चर्चे बांधायची, धर्मगुरू पोसायचे, जहाजे द्यायची हे राजाचे काम, आणि त्याबदली बिशपांची नावे सुचवण्याचा हक्कही राजाचा. याला पाद्रोआदो म्हणतात. पण वतन कसे असते, हे महाराष्ट्रात कुणी कुणाला सांगावे? सेवा आटली, राज्य गेले, तरी हक्क सुटत नाही. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांना आंदण गेले, तरी तिथल्या कॅथलिकांवरचा हक्क पोर्तुगालने सोडला नाही. रोमने आपले वेगळे अधिकारी नेमले. परिणाम असा, की एकाच शहरात दोन सत्ता नांदू लागल्या. हे चर्च गोव्याच्या बाजूचे, ते रोमच्या बाजूचे. आपल्याकडे देवस्थानांच्या पूजेच्या पाळ्यांवरून भाऊबंदकी चालते, तिची आठवण यावी असा हा प्रकार.

१९२८ मध्ये तोड निघाली तीही पाळीचीच! मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज लिमा आले. १९३६ मध्ये ते वारल्यावर पुढच्याच वर्षी लिव्हरपूलचे इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स आले. मुंबईच्या कॅथलिकांची खुर्ची, पण तिच्यावर मुंबईकराची पाळी कधी येणार, हे त्या करारात कुठेच लिहिलेले नव्हते.

रॉबर्ट्स हा माणूस मला या सगळ्या कथेत फार मोठा वाटतो. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हाच त्यांनी ओळखले, की उद्याच्या हिंदुस्थानात या जागी इंग्रजाने बसणे बरे नव्हे. पण नुसता राजीनामा दिला तर? पाळी पोर्तुगालची! लिस्बन सुचवील तो पोर्तुगीज मुंबईला येणार, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा त्यांनी वेगळीच युक्ती योजली. २९ जून १९४६ रोजी ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप म्हणून अभिषेक झाला, आणि रॉबर्ट्स कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईतून निघून गेले. राजीनामा मात्र दिला नाही. स्वातंत्र्य यायला अजून वर्ष होते. नावापुरता आर्चबिशप परदेशी, खुर्ची राखून ठेवलेली, आणि प्रत्यक्ष काम पाहणारा एक गोवेकर, अशी ही चार वर्षे गेली. इकडे रोम, लिस्बन आणि दिल्ली यांच्यात बोलणी चालू होती. अखेर जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने भारतीय प्रदेशातल्या बिशपांच्या नेमणुकीचा हक्क सोडला. डिसेंबरात रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

अधिकाराची खुर्ची सोडवत नाही म्हणून अडून बसणारे आपण पुष्कळ पाहतो. दुसऱ्याला मिळावी म्हणून ती सोडून जाणारा, आणि भलत्याला मिळू नये म्हणून नावापुरती धरून ठेवणारा माणूस मी तरी दुसरा वाचलेला नाही. राजीनाम्यानंतर रॉबर्ट्सना मोठे पद कधी मिळाले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात अणुयुद्धाविरुद्ध खडे बोल सुनावणारे म्हणून ते गाजले, आणि १९७६ मध्ये वारले.

१२ जानेवारी १९५३ रोजी बाराव्या पायस पोपनी चोवीस नवे कार्डिनल केले, त्यांत ग्रेशियस होते. शेजारच्या चीनला हा मान सात वर्षे आधीच मिळाला होता. प्रत्येक कार्डिनलला रोममधले एक चर्च नावापुरते दिले जाते. ग्रेशियस यांना सांता मारिया इन व्हिया लाता हे मिळाले. पोपनी दिलेली रुंद काठाची लाल टोपी कुलाब्याच्या होली नेममध्ये आली. त्याच चोवीस जणांत रोनकाल्ली नावाचे एक शेतकऱ्याचे पुत्रही होते. १९५८ मध्ये तेच तेविसावे जॉन पोप झाले, आणि त्यांना निवडणाऱ्यांत ग्रेशियस होते. म्हणजे आमच्या शेटजींच्या राजेरजवाड्यांचा काळ तोवर सरत आला होता.

कारकिर्दीतला कळसाचा प्रसंग म्हणजे डिसेंबर १९६४ मधली मुंबईची युकॅरिस्टिक काँग्रेस. तिला सहावे पॉल जातीने आले. हिंदुस्थानात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदान फुलून गेले. अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. परत जाताना भेट मिळालेली मोटार ते मदर तेरेसांना देऊन गेले. लिस्बनला मात्र ही भेट झोंबली. तीन वर्षांपूर्वी, १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता, आणि ज्या देशाने तो घेतला त्याच देशात पोप जातात म्हणून पोर्तुगाल सरकारने उघड निषेध केला. साडेचारशे वर्षांच्या वतनदाराचा हा शेवटचा त्रागा. आणि यजमान कोण, तर गोव्यातून बाहेर पडलेल्या एका साध्या कुटुंबाचा मुलगा!

१९६६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढची वर्षे सोपी नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रार्थनेची भाषा आणि रीत बदलली. लॅटिन मागे पडून लोकभाषा पुढे आल्या. मराठीचा अध्यापक म्हणून मला त्यात आनंद आहे. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापले, तिथून वेदीपर्यंत यायला आमच्या भाषेला साडेतीनशे वर्षे लागली! पण जुन्या वळणात वाढलेल्या धर्माधिकाऱ्याला हे सारे अंगवळणी पाडणे जड गेले असणार.

ग्रेशियस यांच्यानंतर मुंबईच्या गादीवर आले ते सायमन पिमेंटा, मरोळचे ईस्ट इंडियन. म्हणजे घरात मराठी बोलीच बोलणाऱ्या समाजातले. १९८८ मध्ये तेही कार्डिनल झाले. खुद्द गोव्याच्या आर्चबिशपांना, फिलीप नेरी फेर्राव यांना, लाल टोपी मिळाली ती थेट २०२२ मध्ये. २०२५ मधल्या त्या रांगेत तेही होते. शेटजींना मी ते बोटाने दाखवले.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये सहावे पॉल वारले. निवडणुकीसाठी सारे कार्डिनल रोमला निघाले, पण कर्करोगाने खिळलेले ग्रेशियस मुंबईतच राहिले. १९५८ आणि १९६३ या दोन्ही निवडणुकांत त्यांनी मत दिले होते. ही तिसरी हुकली. नवे पोप पहिले जॉन पॉल गादीवर बसले, त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, ११ सप्टेंबरला, मुंबईत ग्रेशियस यांचे निधन झाले.