एका येझदीचे पुनर्वसन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा एक चांगली सूचना केली, की डॉक्टरांनी आपल्या व्यवसायाबाहेरच्या एखाद्या उद्योगाविषयी लिहावे. माझे हात आठवड्याचे सहा दिवस मोडलेली हाडे जोडण्यात गुंतलेले असतात. गेले सतरा महिने सातव्या दिवशी ते एका जुन्या मोटारसायकलीत गुंतले होते. त्या यंत्राने मला जे शिकविले, ते आपल्यासारख्या सुजाण वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ही मोटारसायकल माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. १९७६ साली घेतलेली येझदी. बेळगावहून खानापूर, जांबोटीकडच्या खेड्यांत ते याच गाडीवरून व्हिजिटला जात. मागच्या कॅरिअरला चामड्याची बॅग बांधलेली असे आणि पावसाळ्यात त्या बॅगेवर मेणकापड असे. अण्णांच्या पश्चात अकरा वर्षे ती आमच्या मागील पडवीत उभी होती. धाकट्या भावाचे मत, भंगारात द्यावी. आईचे म्हणणे, तिचा एक स्क्रूही बदलू नये. माझी लेक नुकतीच इंटर्नशिप करीत होती. तिला मात्र हीच गाडी हवी होती, पण नव्या रूपात. मागचे आसन काढलेले, हँडल खाली झुकलेले, सायलेन्सर कापलेला, ‘कॅफे रेसर’ म्हणतात तशी. तिघांच्या तीन इच्छा आणि गाडी एक, असा हा पेच होता.

यंत्राची कुळकथा

१९२९ साली चेकोस्लोव्हाकियात फ्रांटिशेक यानेचेक यांनी ‘वांडरर’ या जर्मन मोटारसायकलीचे हक्क घेतले. दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून ‘जावा’ हे नाव सिद्ध झाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९७० च्या दशकात त्यांनाच ‘येझदी’ हे नाव मिळाले. हा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे बाजारात परतली. परंतु ती यंत्रे चार स्ट्रोकची, सर्वस्वी निराळी.

जुन्या येझदीचे इंजिन दोन स्ट्रोकचे. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २४९ घन सेंटिमीटर. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक मारण्याचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो, ही तिची खासियत तर ज्येष्ठ सभासदांच्या पायाला आजही आठवत असेल.

हाड आणि पोलाद

काम सुरू केले ते आमच्या उस्तादांच्या सल्ल्याने. वय सत्तरीच्या पुढचे. येझदीच्या एकट्या आवाजावरून दोष सांगणारे असे मिस्त्री आता बेळगावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. लेकीने इंटरनेटवरची चित्रे त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “बेटी, चासी कापायची नाही. कापलेलं परत जोडता येतंय, पण पहिली ताकद येत नाही.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला, कारण माझा सारा व्यवसाय याच्या उलट अनुभवावर उभा आहे. मोडलेले हाड जिवंत असते. त्याभोवती कॅलस तयार होतो. मग भार जसा पडेल तशी त्याची पुनर्रचना होत जाते, आणि काही काळाने पूर्वीची ताकद बव्हंशी परत येते. पोलादाला ही देणगी नाही. वेल्डिंग केल्यावर सांध्यालगतचा पट्टा उष्णतेने बदलतो आणि तिथली धातूची घडण पूर्ववत राहत नाही. पुढे हजारो हादरे बसल्यावर सूक्ष्म तडा बहुधा याच पट्ट्यात सुरू होतो, आणि तो आपोआप कधीच भरून येत नाही. अण्णांच्या गाडीची चासी अखंड ठेवण्याचा निर्णय त्याच दिवशी झाला.

हृदयाची दुरुस्ती

दोन स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या बंद कोठीत येते आणि तेथून वर सिलिंडरात ढकलले जाते. म्हणजे ती कोठीच पंपाचे काम करते. तिच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील ही जणू हृदयाची झडप. एका बाजूचे सील गळू लागले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो व अखेर सिलिंडरात अडकून बसतो. दुसऱ्या बाजूचे गळले की गिअरपेटीतील तेल आत ओढले जाऊन जळते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो. उस्ताद धुराच्या रंगावरून कोणती बाजू ते सांगत. आपण मर्मर ऐकून झडप ओळखतो, त्याच जातीचे हे निदान.

अण्णांच्या गाडीची दोन्ही सील गेली होती आणि कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंगही. येझदीचा क्रँकशाफ्ट एकसंध नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांमधील पिन दाबून बसविलेली असते. उद्यमबागेतील एका मशिनशॉपमध्ये तो प्रेसवर उघडला, नवी पिन व बेअरिंग घालून पुन्हा दाबला. खरे काम त्यानंतरचे. शाफ्ट दोन टोकांवर फिरवायचा, डायल गेजची सुई किती हलते ते पाहायचे आणि तांब्याच्या हातोडीने नेमका घाव घालून तो सरळ करायचा. दोन-तीन शतांश मिलिमीटरपलीकडे चूक चालत नाही. उस्तादांचे हात आता थरथरतात. त्यांनी हातोडी लेकीच्या हाती दिली आणि स्वतः सुईकडे पाहत “इथं... हळू... आता बस” एवढेच म्हणत राहिले. तीन रविवार त्यात गेले. पण शहरात ती कला जाणणाऱ्यांत एकाची भर पडली, याचे समाधान गाडीपेक्षा मोठे आहे.

कारागिराचे आरोग्य

डॉक्टरांनी या उद्योगात पडताना आपली विद्या बाहेर ठेवू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ब्रेकचा ड्रम उघडून धूळ फुंकरीने वा कॉम्प्रेसरने उडविण्याची सवय गॅरेजांतून सर्रास आढळते. आम्ही मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसली आणि फडके बंद पिशवीत टाकले. क्रोम मुलाम्याच्या कारखान्यातील सहा-संयुजी क्रोमियममुळे नाकाचा पडदा फाटतो व फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. म्हणून शक्य तेथे आम्ही पावडर कोटिंग पत्करले. टाकीला खालून गंजाने भोके पडली होती. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. ती अनेकदा धुऊन, सांध्यापर्यंत पाण्याने भरून मगच तिला आच दाखविली.

कायद्याची चौकट

आता थोडे रुक्ष, पण आवश्यक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ अधिक स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद झाली. कापलेला सायलेन्सर, काढून टाकलेले आरसे, दोघांच्या गाडीवर एकाचे आसन, यांपैकी काहीही आम्ही केले नाही. इंजिन व चासीचे क्रमांक मूळचेच आहेत. रंग बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात अर्ज केला, तपासणी करून घेतली आणि नोंदणीचे नूतनीकरणही केले.

मग ही गाडी ‘एकमेव’ कशी? याचे उत्तर लेकीनेच शोधले. आपण कृत्रिम पाय बनवितो तो रुग्णाच्या मापाने. त्यात दिखाऊपणा नसतो, माप असते. अण्णा सहा फुटांचे, लेक पाच फूट एक इंच. आसनाचा फोम तिच्या मापाने कोरला, त्यामुळे तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. झुकलेल्या हँडलाने मनगटे व मान यांवर जो भार येतो तो मी रोज बाह्यरुग्ण विभागात पाहतो; हँडल मूळचेच राहिले. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा जाऊन बारा व्होल्टचा आला. कॅरिअरवर अॅल्युमिनिअमचा पत्रा हाताने ठोकून एक पेटी बनविली, ती अण्णांच्या बॅगेच्या मापाची. रंग गडद हिरवा. आईने पेटीचे झाकण उघडून पाहिले, आत बॅग बरोबर बसते ना याची खात्री केली आणि “आता हरकत नाही” एवढेच म्हणाली.

दोन स्मरणे

या संदर्भात न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचे स्मरण होते. १९२० सालची ‘इंडियन स्काउट’ गाडी त्यांनी आयुष्यभर आपल्या हाताने सुधारली, पिस्टन स्वतः ओतले, आणि १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर १००० घन सेंटिमीटरखालील गटात वेगाचा विक्रम केला. फौंड्रीच्या गावात राहणाऱ्या आपल्याला त्यांची महती विशेष कळावी.

दुसरे स्मरण ह्यू केर्न्स या शल्यविशारदांचे. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलीच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. आज आपल्या मुलांच्या डोक्यावर जे शिरस्त्राण आहे, त्यामागे एका डॉक्टरचा हा ध्यास आहे.

जुनी गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्या तरुण सभासदांना माझे एवढेच सांगणे, की खर्चाचा पहिला रुपया हेल्मेटवर, दुसरा ब्रेकवर आणि तिसरा टायरवर करावा. रंगरंगोटी सर्वांत शेवटी. आणि आपल्या गावातील वृद्ध कारागिराकडे गाडी नुसती सोडून येऊ नये. त्याच्याजवळ बसावे, हात काळे करावेत. सुटे भाग कोठून तरी मिळतील, त्याच्या बोटांतील ज्ञान मात्र मिळणार नाही.

लेक सध्या खानापूर तालुक्यातील एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा जाते. येझदीनेच जाते.