पोटरीचे दुखणे आणि बिडीचा धूर

आपला गोंदिया जिल्हा धानाचा, तलावांचा आणि बिडीचाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, मग बिड्या वळायच्या, यावर अनेक घरांच्या चुली पेटल्या. "बिडी म्हणजे पानच, सिगारेटपेक्षा बरी," असे आम्हाला वस्त्यांमध्ये आजही ऐकायला मिळते. हे खरे नाही. तेंदूपानातून हवा कमी जाते, बिडी विझते, म्हणून झुरके जास्त ओढावे लागतात.

धमनीच्या मधल्या थरात मृदू स्नायूंच्या पेशी असतात. धुराने धमनीचे आतले अस्तर दुखावले की तिथे प्लेटलेट चिकटतात आणि एक प्रथिन सोडतात. अमेरिकेत रसेल रॉस व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले की प्लेटलेटमधल्या घटकामुळे या पेशी वाढतात. हेच प्रथिन त्यांना जखमेकडे बोलावतेही.

पण पेशीभोवती तंतूंचे घट्ट जाळे असते. ते कापून वाट करून देतात विकरे, म्हणजेच एन्झाइम. अशा विकराचा पहिला शोध १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लात लागला. बोडीतल्या पिल्लाची शेपटी हळूहळू नाहीशी होते, ती याच कात्रीमुळे! ही कात्री बेफाम चालू नये म्हणून शरीरात तिला आवरणारी दुसरी प्रथिनेही असतात.

जखम एकदाच झाली तर हा तोल सावरतो. रोज बिडी ओढली तर जखम भरतच नाही. पेशी आत सरकत राहतात, चरबी साचते, धमनी अरुंद होते. पुढे तीच विकरे त्या थराचे वरचे कवच पातळ करतात. ते फुटले की रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

धुऱ्यावरून चालताना पोटरी दुखते, थांबले की बरे वाटते? पायाच्या बोटाची जखम भरत नाही? "वय झाले" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. बोट काळे पडले असेल तर त्याच दिवशी जा. तिशीनंतर उपकेंद्रात रक्तदाब व साखर मोफत तपासून घ्या.

बिडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे. बिडी वळणाऱ्या हातांना दुसरे काम मिळावे, ही मागणी आपण लावून धरूच. पण ओढणे थांबवायला त्याची वाट पाहू नका.