घड्याळ घेताना आधी काम ठरवा, मग किंमत विचारा

मैत्रिणींनो, घड्याळ घ्यायचं म्हटलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "मोबाईल असताना घड्याळ कशाला?" पण बऱ्याच घरांत मोबाईल एकच असतो आणि तो सकाळीच दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून बाहेर पडतो. आपल्याला मात्र डेअरीची वेळ गाठायची असते, एसटी पकडायची असते, रोजंदारीचे तास मोजायचे असतात. लावणीच्या चिखलात किंवा पिठाच्या हाताने मोबाईल काढताही येत नाही. म्हणून मनगटावरचं घड्याळ ही काही चैन नव्हे. फक्त त्यात घातलेले पैसे वाया जाऊ नयेत, एवढं बघायचं.

वेळ स्वस्तातलं घड्याळही बरोबर दाखवतं

आज बाजारात मिळणारी बहुतेक घड्याळं सेलवर चालतात. त्यांना क्वार्ट्झ घड्याळ म्हणतात. आत क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा बारीक तुकडा असतो. सेलच्या विजेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आतलं सर्किट ही थरथर मोजतं आणि दर सेकंदाला काटा पुढे सरकवतं.

असं पहिलं मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइको कंपनीने विकायला काढलं. त्याची किंमत होती ४,५०,००० येन, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या एका लहान मोटारीएवढी! आज तीच युक्ती काहीशे रुपयांच्या घड्याळात असते. चांगल्या स्थितीतलं साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५-२० सेकंदच पुढेमागे होतं. जास्त पैसे जातात ते नावाला, चकाकीला, धातूला आणि पट्ट्याला. म्हणून दुकानात "हे भारी आहे, वेळ बरोबर दाखवतं" असं कुणी म्हटलं तर भुलू नका.

आधी काम ठरवा

*शेतात, गोठ्यात, धुण्याभांड्याला वापरायचं असेल* तर रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याचं घ्या. चामड्याचा किंवा रेक्झिनचा पट्टा घामाने आणि पाण्याने लवकर कुजतो.

*आशाताई, अंगणवाडीताई किंवा घरात लहान बाळ असेल* तर सेकंदकाटा असलेलं किंवा सेकंद दाखवणारं आकड्यांचं घड्याळच घ्या. खोकला झालेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. बाळ शांत असताना, रडत नसताना मोजायचे. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. लगेच दवाखाना गाठायचा. सेकंदकाटा नसलेलं नाजूक, खड्यांचं घड्याळ इथे काही कामाचं नाही.

*लेकीला परीक्षेसाठी हवं असेल* तर साधं काट्यांचं घ्या. स्मार्टवॉच परीक्षेच्या वर्गात नेऊ देत नाहीत. नीटसारख्या परीक्षेत तर साधं घड्याळही चालत नाही. त्यामुळे आधी प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा, मगच खर्च करा.

स्वस्तातल्या स्मार्टवॉचचा मोह होतो. पण ते दर थोड्या दिवसांनी चार्ज करावं लागतं, आणि आतली बॅटरी गेली की गावातल्या घड्याळवाल्याकडून ती सहसा बदलून मिळत नाही.

पाण्याची खूण नीट समजून घ्या

घड्याळावर "वॉटर रेझिस्टंट" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाण्यात कितीही बुडवा, असा नाही.

- नुसतं "वॉटर रेझिस्टंट" किंवा ३० मीटर (३ एटीएम): हात धुताना उडालेले शिंतोडे, थोडा पाऊस चालेल. विहिरीवर धुणं नको.
- ५० मीटर (५ एटीएम): धुणंभांडी, लावणीचं पाणी चालेल.
- १०० मीटर (१० एटीएम): पोहतानाही चालेल.

हे मीटर खोलीचे नाहीत, कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचे आहेत. "३० मीटर" वाचून घड्याळ घेऊन कुणी विहिरीत उतरू नये. आणि कुठलंही घड्याळ असो, ओल्या हाताने त्याची चावी ओढू नका. पाणी तिथूनच आत जातं.

दुकानात हातात घेऊन काय बघायचं?

मागचं झाकण वाचा, येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. "स्टेनलेस स्टील बॅक" लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा फक्त झाकण स्टीलचं असतं, बाकी हलक्या धातूवर मुलामा. घामाने मुलामा उडतो आणि काहींच्या कातडीला खाज सुटते.

काच नखाने वाजवून बघा. प्लास्टिकची काच लवकर फुटत नाही, पण तिच्यावर ओरखडे पडतात. हलके ओरखडे टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासले की कमी होतात. खरी काच ओरखड्याला टिकते, पण दगडावर आपटली की तडकते.

पट्टा कसा जोडलाय ते पाहा. पिनेने जोडलेला साधा पट्टा कुठेही बदलून मिळतो. घड्याळाच्या अंगातच ओतलेला पट्टा तुटला की घड्याळच गेलं.

सेल कधीचा आहे ते विचारा. दुकानात वर्षभर चालू राहिलेल्या घड्याळाचा सेल तुमच्या हातात आल्यावर लवकर संपणारच. नवा सेल घालून मागा.

खरी किंमत अशी काढा

हिशेब समजण्यापुरता आकडा धरू. आठवडी बाजारातलं १५० रुपयांचं घड्याळ समजा आठ महिने चाललं. मग पट्टा तुटला, झाकणही उघडेना, म्हणून टाकून दिलं. सहा वर्षांत अशी ९ घड्याळं लागतील, म्हणजे १,३५० रुपये. दुसरं घड्याळ समजा ६०० चं. सहा वर्षांत तीन वेळा सेल ६० रुपयांप्रमाणे १८०, दोन पट्टे २०० चे. एकूण ९८०. महाग दिसलेलं घड्याळ ३७० रुपयांनी स्वस्त पडलं. तुमच्या बाजारातले भाव घालून हा हिशेब स्वतः करा.

मात्र यासाठी गटातून अंतर्गत कर्ज काढू नका, हप्त्यावरही घेऊ नका. महिन्याला १०० बाजूला टाका, सहा महिन्यांत घड्याळ होतं. आणि घरातल्या पेटीत सासऱ्यांचं चावीचं एचएमटी पडलं असेल तर आधी ते घड्याळवाल्याला दाखवा. त्याला सेल लागत नाही. साफसफाई आणि तेलपाण्याचा खर्च नव्या घड्याळापेक्षा कमी असेल तर तेच वापरा.

पावती आणि वॉरंटी

पक्कं बिल घ्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख हवीच. वॉरंटी बहुधा आतल्या यंत्राची असते. काच, पट्टा, सेल तिच्यात धरत नाहीत. खोक्यावरच्या छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यावर एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. "फर्स्ट कॉपी" म्हणजे नक्कल. तिला ना बिल, ना वॉरंटी. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

सेल लेकरांपासून लांब ठेवा

काढलेला सेल चकचकीत गोळीसारखा दिसतो आणि लहान मूल तो तोंडात घालतं. गिळला तर तो आतून अन्ननलिका जाळू शकतो. नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, वाट पाहू नका. एक्स-रे निघतो अशा दवाखान्यात तडक न्या. जुना सेल दुकानदाराकडेच द्या. घड्याळ बंद पडलं तर त्यातला सेल लगेच काढून घ्या, कारण संपलेला सेल पाझरतो आणि यंत्र खराब करतो.

पुढच्या बैठकीत हे करा

ज्यांच्याकडे घड्याळ आहे त्यांनी ते आणा. किती वर्षं चाललं, सेल कुठे आणि कितीला बदलला, पट्टा किती दिवस टिकला, हे एकीने वहीत लिहा. ज्या ताईला नवं घ्यायचंय तिला ही वही दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि पाच-सहा जणींना घ्यायचं असेल तर एकत्रच दुकानात जा. भावही बरा मिळतो आणि खोटंही लगेच पकडलं जातं.