नसलेली माशी

स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरणे, पुढच्या पायाची एकच जागा कातडी सोलवटेपर्यंत चाटत राहणे किंवा हवेत नसलेली माशी टिपावी तसा जबडा मिटणे, या पाळीव कुत्र्यांच्या कृती घरात बहुधा चाळा म्हणून सोडून दिल्या जातात. परंतु अशी कृती काहीच साध्य होत नसताना पुन्हा पुन्हा घडू लागली आणि हाक मारूनही थांबेनाशी झाली, की ती सक्तिजन्य वर्तन, म्हणजे प्राण्याला स्वतःला आवरता न येणारे वर्तन, असण्याची शक्यता पशुवैद्यक तपासतात.

अशा वर्तनाची मुळे काही अंशी आनुवंशिक आहेत. डॉबरमन जातीची काही कुत्री आपल्याच कुशीची कातडी तोंडात धरून चोखत बसतात. २०१० मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे निकोलस डॉडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सवयीचा संबंध सातव्या गुणसूत्रावरील सीडीएच२ या जनुकाशी, म्हणजे चेतापेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिन ज्यामुळे तयार होते त्या जनुकाशी असल्याचे दाखवले. मात्र सगळा दोष जातीवर टाकणे योग्य नव्हे, कारण फिनलंडमध्ये ३६८ कुत्र्यांच्या पाहणीत शेपटीमागे धावणारी कुत्री आईपासून तुलनेने लवकर तोडलेली आढळली.

माशी टिपण्याच्या वर्तनाने तर शास्त्रज्ञांची नजर मेंदूवरून पोटाकडे वळवली. हा मेंदूतील अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, सौम्य झटका असावा असा समज होता. २०१२ मध्ये कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात अशी ७ कुत्री तपासली असता सातही जणांच्या पचनमार्गात काही ना काही बिघाड निघाला आणि चित्रफिती बारकाईने पाहिल्यावर प्रत्येक कुत्रा जबडा मिटण्याआधी डोके उचलून मान ताणतो, हे लक्षात आले. पोटावर उपचार सुरू झाल्यावर त्यांतील बऱ्याच जणांचे हे वर्तन कमी झाले किंवा थांबले. सात ही संख्या लहानच, तरीही ज्या मुक्या जिवाला पोटात काय होते आहे ते सांगता येत नाही, त्याला वेडगळ ठरवण्यापूर्वी त्याचे पोट, त्वचा आणि सांधे तपासणे हा त्याचा हक्क मानला पाहिजे.

शारीरिक कारण सापडले नाही, तर नियमित फिरणे, वास घेत शोधण्याचे खेळ आणि गरजेनुसार माणसांतील मंत्रचळावरही दिले जाणारे क्लोमिप्रामिन हे औषध यांचा आधार घेतला जातो. ओरडण्याने ताण वाढून वर्तन अधिकच बळावू शकते. हसण्याचाही धोका आहे, कारण हसून मिळालेले लक्ष कुत्र्याला बक्षिसासारखे वाटू शकते. घरच्यांनी न हसता, न ओरडता दुरूनच मोबाइलवर चित्रीकरण करावे, त्यात कृतीआधीचा क्षण यावा आणि जेवणानंतर किती वेळाने ती सुरू झाली याची नोंद असावी, कारण दवाखान्याच्या टेबलावर, अनोळखी वासांत बावरलेला कुत्रा ती कृती करून दाखवेलच असे नाही.