थर्मलचं काम ऊब देणं नव्हे

डिसेंबर जवळ आला की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत केदारकंठाच्या, लडाखच्या ट्रेकचे बेत शिजू लागतात आणि खरेदीच्या यादीत पहिला नंबर थर्मलचा लागतो. सांताक्रूझच्या वेधशाळेने नोंदवलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचं. अशा शहरात थंडीच्या कपड्यांबद्दलचं ज्ञान बहुतेक ऐकीवच असणार. या ऐकीव समजुतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: थर्मल म्हणजे अंग गरम करणारा कपडा. प्रत्यक्षात कुठलाही साधा कपडा उष्णता तयार करत नाही. ती शरीर तयार करतं, कपडा तिला फक्त अडवून धरतो. त्यातही अडवण्याचा मुख्य भार फ्लीस आणि जॅकेट यांच्यावर असतो. अंगाला लागून असलेल्या थराचं पहिलं काम त्वचा कोरडी ठेवणं हे आहे. हे एकदा पटलं की बाकीचे गैरसमज आपोआप सुटत जातात.

‘सुती कपडा घाम टिपतो, म्हणून आत सुतीच बरं’ हा त्यातला सर्वांत पक्का समज. यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. सूत घाम टिपतं, पण टिपलेलं पाणी सोडायला फार वेळ घेतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि एक लिटर घाम अंगावर सुकतो तेव्हा सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत हेच तर आपल्याला हवं असतं. शून्याखालच्या वाऱ्यात, चढ संपवून पाच मिनिटं टेकल्यावर, तोच ओला बनियन अंगातली उष्णता शोषू लागतो आणि वरचं महागडं जॅकेट हताशपणे पाहत राहतं. मुंबईत सुताचा जो गुण, तोच हिमालयात दोष ठरतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हरिश्चंद्रगडाला आणि कळसूबाईला पिढ्यान् पिढ्या लोक सुती टी-शर्टवर जाऊन आले, त्यांचं काय बिघडलं? फारसं काही नाही, हे मान्यच करायला हवं. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, असा ढोबळ हिशेब धरला तर समुद्रसपाटीपेक्षा तिथे दहा-अकरा अंशांचा फरक पडतो. वर पोहोचल्यावर कोरडा शर्ट बदलला आणि स्वेटर चढवला की भागतं, त्यामुळे सह्याद्रीतल्या एका रात्रीसाठी महागडं थर्मल घेण्याची गरज नाही. केदारकंठा मात्र सुमारे ३,८०० मीटर. तिथे हिशेबानेच चोवीस-पंचवीस अंश वजा होतात आणि हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. तिथे ओला कपडा सुकायला ऊनही मिळत नाही. सह्याद्रीत खपून गेलेली चूक तिथे महागात पडते.

‘लोकर टोचते, आणि तीही पाणी शोषतेच’ हा दुसरा समज. लोकर पाणी शोषते हे खरंच. सर्वसाधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरतं, तर लोकर जवळपास १६. फरक इतकाच की लोकर ते बाष्प तंतूच्या आत साठवते, वरचा पापुद्रा पाण्याला दूर ठेवतो आणि तंतूंच्या नैसर्गिक कुरळेपणामुळे हवा अडकून राहते. पावसात भिजलेल्या घोंगडीतही धनगराला ऊब लागते ती याचमुळे. टोचणं हा प्रश्न तंतूच्या जाडीचा आहे. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे राठ तंतू त्वचेला टोचतात. थर्मलसाठीची मेरिनो लोकर बहुधा २० मायक्रॉनच्या आत असते, ती टोचण्याऐवजी वाकते. तरीही मेरिनोच सर्वश्रेष्ठ असं नाही. पॉलिएस्टर अर्धा टक्काही बाष्प धरत नाही, झटकन सुकतं, टिकतं आणि खिशाला परवडतं. फक्त दोन दिवसांत त्याला वास मारू लागतो. आंघोळीविना आठवडा काढायचा असेल तर मेरिनो, रोज घामाघूम व्हायचं असेल तर पॉलिएस्टर.

‘जितकं जाड, जितकं घट्ट, तितकं गरम’ हा तिसरा समज. जाड थर्मल घालून चढलं की घाम वाढतो आणि सगळा खटाटोप फुकट जातो. एकावर एक दोन घट्ट थर्मल चढवली तर मधली हवा दाबली जाते आणि रक्ताभिसरणालाही अडथळा येतो. कपडा अंगाला लागायला हवा, आवळायला नको. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर घातलेत असं समजावं. दहा मिनिटांत अंग तापतंच.

म्हणून दुकानात थर्मल हातात घेतलं की आधी ते उलटं करून शिवणीतली पट्टी वाचा. बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणाऱ्या अनेक कपड्यांत निम्मंअधिक सूत असतं. घरात बसायला ते उत्तम, बर्फात चालायला नाही. सॅकचे पट्टे येतात त्या खांद्यांवर शिवण सपाट आहे ना, हे बोटाने चाचपा. एका जाड जोडीऐवजी दोन पातळ जोड्या घ्या: एक चालायला आणि दुसरी फक्त झोपायला, जी सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी राहील.